रोजा लागला की झटका आला?

रमजानमध्ये दुपार कलली की रोजेदाराचा चेहरा उतरतो. चाकण, भोसरीच्या कारखान्यांतून पहिल्या पाळीचे कामगार याच वेळी घरी परततात. कुणाच्या हातातला मोबाइल निसटला, कुणाची जीभ अडखळली, तर शेजारचा सहज म्हणतो, ‘रोजा लागला वाटतं.’ बहुतेक वेळा ते खरे असते. एखाद्या वेळी मात्र तो मेंदूचा झटका असतो आणि त्या एका वाक्यामुळे मोलाचे तास निघून जातात.

मराठीत या आजाराला ‘अंगावरून वारे जाणे’ म्हणतात. मुस्लिम घरांत ‘लकवा’ आणि ‘फालिज’ हे शब्द आहेत. युनानी वैद्यकात लकवा तोंडाचा, तर फालिज अर्ध्या अंगाचा. नाव कोणतेही घ्या, बिघाड मेंदूत असेल तर कारणे दोनच. रक्ताच्या गुठळीने मेंदूची रक्तवाहिनी बंद होते किंवा वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. मोठी वाहिनी बंद झाली की मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

उपवासाचा थकवा आणि झटका यांत फरक कसा ओळखायचा? भुकेची अशक्तता हळूहळू येते आणि साऱ्या अंगाला जाणवते. झटका अचानक येतो आणि बहुधा एकाच बाजूला धरतो. माणसाला हसायला सांगा, तोंड एकीकडे ओढले जाते का पाहा. दोन्ही हात समोर उचलायला सांगा, एक खाली घसरतो का पाहा. एक साधे वाक्य बोलायला लावा, शब्द बोबडे किंवा असंबद्ध येतात का ऐका. अचानक तोल जाणे, एका डोळ्यापुढे अंधार येणे, कधी नव्हे इतके डोके दुखणे हीदेखील लक्षणे आहेत. यातले एक दिसले तरी पुरे.

सर्वांत फसवा असतो तो छोटा झटका. हात लुळा पडतो, दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा चालू लागतो. इफ्तारला खजूर-पाणी घेतले, बरे वाटले, माणूस तरावीहला उभाही राहिला, आणि घरच्यांनी सारे रोजावर ढकलले. खरे तर खजुराने काही केलेले नसते, अडकलेली गुठळी आपोआप सुटलेली असते. अशा माणसाला मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. म्हणून बरे वाटले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. टेनेक्टेप्लेज हे असे एक औषध आपल्या शेजारच्या हिंजवडीतील जिनोव्हा कंपनी बनवते. औषध इतके जवळ आहे, उशीर होतो तो रुग्णालयात पोहोचायला. आधी सिटी स्कॅन लागते, कारण रक्तस्राव असेल तर हेच औषध घातक ठरते. म्हणून घरी अॅस्पिरिन देऊ नये. गिळणे बिघडलेले असू शकते, म्हणून पाणी, आबे जमजम, मध, काहीही तोंडात घालू नये. कबुतराचे रक्त चोळण्यात वेळ दवडू नये. १०८ ला फोन करावा आणि माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ सांगावी. सेहरीला उठतानाच तोंड वाकडे दिसले, तर रात्री झोपायला गेल्याची वेळ सांगावी.

मधुमेही रोजेदाराची साखर उतरली तरी अशीच लक्षणे दिसतात. ग्लुकोमीटर जवळ असेल तर लगेच तपासावे. बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली गेली तर रोजा सोडावा. रक्तदाबाच्या गोळ्या दुपारी घेता येत नाहीत म्हणून महिनाभर बंद ठेवणे धोक्याचे. डॉक्टरांना विचारून त्या सेहरी-इफ्तारच्या वेळी बसवता येतात. एकादशी किंवा नवरात्राचा उपवास धरणाऱ्यांनाही हेच लागू.

आजाऱ्याला कुरआनने रोजातून सवलत दिली आहे. राहिलेले रोजे नंतर धरावेत, ते कधीच शक्य नसेल तर गरिबाला जेवू घालून फिदया द्यावा. ही रुख्सत अल्लाहनेच दिलेली आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.

घरोघरी भिंतीवर सेहरी-इफ्तारच्या वेळांचा तक्ता लावलेला असतो. चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी सर्वांना ठाऊक आहे. चोवीस तास सिटी स्कॅनची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, तिथे जायचा मोकळा रस्ता कोणता, हे आजच विचारून त्या तक्त्याखाली लिहून ठेवा. शेजारी १०८ हा आकडाही. ईद झाली तरी तो कागद काढू नका.