माळवदापासून विनियरपर्यंत : घरातल्या लाकडाचा मागोवा

नीरा आणि भीमा यांच्या संगमावरचे नरसिंहपूर इंदापूर तालुक्याच्या टोकाला येते. लक्ष्मी-नृसिंहाचे देऊळ दगडी असले तरी या कमी पावसाच्या पट्ट्यातले जुने घर माळवदाचे असे. जाड भिंतींवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा वीतभर किंवा त्याहून जाड थर. ऐपत असेल तर सागवान, नाहीतर बाभूळ किंवा लिंब. खालून दिसणारा कडीपाट हीच घराची सजावट होती आणि भारही तोच पेलत असे. वरची माती उन्हाळ्यात गारवा देई, शिवाय ती जळत नसे. शोभा, ताकद आणि आगीपासून आडोसा एकाच छतात सामावले होते. पुढच्या काळात हे तिन्ही गुण वेगवेगळ्या वस्तूंकडे गेले.

पेशवाईतल्या वाड्यांनी लाकडाचे प्रमाण वाढवले. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा उभा राहिला.  पुण्यात शनिवारवाड्याची वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. त्यासाठी साग जुन्नरच्या जंगलातून आणला होता. सुरूदार खांब, महिरपी, कोरीव छते असे वाड्याचे सारे अंतरंग लाकडी होते. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग कित्येक दिवस धुमसली आणि मागे तटबंदी, दरवाजे व जोती एवढेच उरले.

जाड लाकूड खरे तर सावकाश जळते. वरचा थर कोळसा होतो आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला काही काळ राखतो. हा कोळशाचा थर साधारणपणे मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास आत सरकतो, म्हणजे अर्ध्या तासात तुळईच्या प्रत्येक उघड्या बाजूचे सुमारे दोन सेंटिमीटर लाकूड जाते. पण वाड्यात तुळईला लागून पातळ फळ्या, जाळ्या, कोरीव पट्ट्या, लाकडी जिने आणि पडदे असत. आग आधी या पातळ वस्तूंवरून धावते आणि मोकळ्या जिन्यातून वरच्या मजल्यावर चढते. लाकूड पातळ होत गेले तसा हाच धोका वाढत गेला.

स्वातंत्र्यानंतर घरे सिमेंट-काँक्रीटची झाली आणि लाकडाकडे भार पेलण्याचे काम उरले नाही. सजावटीच्या कामातही अखंड लाकडाची जागा प्लायवूडने घेतली. लाकडाचे पातळ थर एकाआड एक आडव्या-उभ्या रेषेत चिकटवले की फळी वाकत नाही आणि भेगाळत नाही. १९५९ मध्ये फेव्हिकॉल आले आणि सुतारांच्या हातातले, तापवून लावायचे सरस हळूहळू मागे पडले. पाठोपाठ सनमायका घरोघरी पोचला. कागदाचे थर राळेत भिजवून, उष्णता आणि दाबाखाली घट्ट केलेला हा पत्रा पुसायला सोपा आणि डागांना दाद न देणारा. मूळ ब्रँडचे हे नाव पुढे सगळ्याच लॅमिनेटला लागले.

प्लायला एक वेगळा पर्याय नीरा-भीमेच्या याच भागातून निघाला. उसाच्या पट्ट्यात साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जाणारा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, फळीसाठीही चालतो. नीरा ओलांडली की लागणाऱ्या माळशिरस तालुक्यात, वेळापूरला, इकोबोर्ड कंपनीने बगॅसपासून पार्टिकल बोर्ड बनवायला सुरुवात केली. मात्र सहवीजनिर्मितीमुळे बगॅसला इंधन म्हणून भाव आला आणि फळीसाठी लागणारा कच्चा माल पूर्वीसारखा स्वस्त राहिला नाही.

१२ डिसेंबर १९९६ रोजी जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर कडक निर्बंध घातले. ईशान्येकडच्या जंगलांवर चालणाऱ्या प्लायवूड गिरण्यांना त्याचा मोठा फटका बसला. त्यानंतर शेतातला निलगिरी व पॉप्लर, आणि आयात लाकूड यांवर उद्योगाची भिस्त वाढली. चांगल्या सागाची, अक्रोडाची किंवा ओकची शोभा हवी तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा पापुद्रा, म्हणजे विनियर, प्लायवर चढवणे हाच परवडणारा मार्ग ठरला.

विनियर निवडताना पहिला प्रश्न कापाचा. ओंडक्याला सपाट काप दिला तर डोंगरासारख्या चढत्या रेषा मिळतात, त्याला क्राउन म्हणतात. पाव ओंडका उभा कापला तर सरळ रेषा मिळतात. दुसरा प्रश्न जोडणीचा. शेजारचे दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून लावले तर बुकमॅच होते, एकाच दिशेने सरकवत लावले तर स्लिपमॅच. आठ बाय चारच्या शीट एकाच ओंडक्याच्या, क्रमाने आणि गरजेपेक्षा एक-दोन जास्त घेणे शहाणपणाचे असते, कारण नंतर तीच रेषा पुन्हा मिळत नाही. नमुना हाताएवढ्या तुकड्यावर न ठरवता पूर्ण शीट उभी करून, तिच्यावर पॉलिशचा हात मारून पाहावा. उन्हाचाही विचार हवा. साग उन्हाने सोनेरी-तपकिरी होत एकसारखा होतो, अक्रोड मात्र फिकट पडतो. एकसारखाच रंग हवा असेल तर रिकॉन विनियर असते. त्यात साध्या लाकडाचे पापुद्रे रंगवून, एकत्र दाबून, पुन्हा कापलेले असतात.

विनियर रूढ होत असतानाच वातानुकूलनही पसरले. कार्यालये, बँका, रुग्णालये आणि मंगल कार्यालये यांच्यात फॉल्स सीलिंग आणि भिंतीवरचे पॅनेल रूढ झाले. छत आणि पॅनेल यांच्यामागे पोकळी तयार झाली आणि तिच्यातून वायरी गेल्या. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागून ती वरच्या मजल्यांवर पसरली आणि पाच जणांचा जीव गेला. पार्टिशन, लाकडी फर्निचर आणि फाइलींनी भरलेल्या कार्यालयात आग किती वेगाने पसरते, हे तेव्हा राज्याने पाहिले. कायदा त्याआधीच झाला होता. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा असून तो ६ डिसेंबर २००८ पासून लागू आहे. त्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. याच्या जोडीला असलेली राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये प्रथम आली आणि २०१६ च्या आवृत्तीपर्यंत सुधारत गेली.

आगीच्या दृष्टीने पॅनेल निवडताना दोन गुणांत फरक करावा लागतो. पृष्ठभागावर ज्वाला किती वेगाने पसरते हा एक, आणि पॅनेल आगीला पलीकडे जाण्यापासून किती वेळ अडवते हा दुसरा. अग्निरोधक प्लायमध्ये निर्वात आणि दाबाखाली क्षार मुरवलेले असतात. अशा प्लायच्या आय.एस. ५५०९ या मानकात तीन कसोट्या आहेत : पेट घेण्यास किमान ३० मिनिटे, दर ६ मिलिमीटर जाडीतून ज्वाला आरपार जाण्यास किमान १५ मिनिटे, आणि वजन ठरावीक मर्यादेपर्यंत जळून घटण्यास किमान २० मिनिटे. हे क्षार ओल धरतात, त्यामुळे न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर ही प्लाय वापरताना जपावे लागते.

जिप्सम बोर्डची रीत वेगळी. जिप्समच्या वजनात सुमारे २१ टक्के पाणी बांधलेले असते. आगीत ते वाफ होऊन निघून जाईपर्यंत बोर्डाची मागची बाजू फारशी तापत नाही. अग्निरोधक प्रकारात काचतंतू असल्याने पाणी गेल्यावरही बोर्ड लगेच ढासळत नाही. कॅल्शियम सिलिकेट आणि फायबर सिमेंट बोर्ड मुळातच जळत नाहीत. अग्निरोधक दाराच्या कडेला तापल्यावर फुगणारी पट्टी असते आणि ती फट बुजवते. पॅनेल चांगले पण फट उघडी, तर धूर तिथूनच येतो.

शोभा आणि बचाव यांची सांगड इथेच घालावी लागते. अग्निरोधक प्लायवर साधे विनियर आणि त्यावर नायट्रोसेल्युलोजचे लॅकर लावले, तर आतली प्लाय कितीही चांगली असली तरी वरचा पापुद्रा मिनिटभरात पेटतो. म्हणून प्रमाणपत्र नुसत्या प्लायचे न मागता विनियर, गोंद आणि पॉलिशसह तयार पॅनेलचे मागावे. राष्ट्रीय इमारत संहितेतही आतल्या पृष्ठभागांचे ज्वाला-प्रसारानुसार वर्ग आहेत आणि जिने व मार्गिका यांसाठी सर्वांत कडक वर्ग लागतो. नरसिंहपूरसारख्या यात्रेच्या गावातले भक्तनिवास असो, बारामतीचे रुग्णालय असो किंवा इंदापूरचे मंगल कार्यालय, क्रम एकच ठेवावा. जिना, मार्गिका आणि स्वयंपाकघर यांना न जळणारा बोर्ड आणि रंग, मोठ्या दालनाच्या छताला जिप्सम, आणि विनियर दर्शनी भिंतीवर, स्वागतकक्षात, जिथून बाहेर पडायची वाट जवळ आहे तिथे. वायरी जिथून जातात ती पोकळी ठरावीक अंतरावर न जळणाऱ्या बोर्डाने तोडली, तर आग छताच्या आतून इमारतभर फिरत नाही.