वाढत्या अंगाचे कपडे

जून महिन्यांत शाळा उघडण्याच्या सुमारास धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब या गांवांच्या कापडबाजारांत एक मागणी हटकून कानीं पडते : "वाढत्या अंगाचा द्या." मूल सहावींत असतें आणि आई सदरा मागते तो आठवींतल्या मुलाच्या मापाचा. हेतु उघड आहे. ज्या जिल्ह्यांत पावसाचा भरंवसा धरतां येत नाहीं, तेथें एका वर्षाचा गणवेश दोन वर्षें पुरविणें ही हौस नसून हिशेब आहे. परंतु या हिशेबाची किंमत मूल भरतें. खांद्यावरून घसरणारा सदरा आणि हातानें सांवरून धरावी लागणारी विजार घालून वर्गांत उभें राहणें वडील माणसांना वाटतें तितकें सोपें नसतें. उत्तर येत असूनहि असा मुलगा हात वर करीत नाहीं. त्याचा एक हात कमरेशीं गुंतलेला असतो.

शिंप्याचा मार्ग मोकळा आहेच. पण एकदां कात्री लागली कीं कापड गेलें, आणि पुढच्या जूनमध्यें मूल वाढलेलें असतें. जाणता शिंपी म्हणूनच शिवणींत जादा कापड राखून ठेवतो. त्या राखलेल्या कापडास शिंपी लोक "माया" म्हणतात. शब्द ज्यानें योजला त्याला मुलाबाळांच्या घराची चांगली माहिती असली पाहिजे! तयार कपड्यांत ही माया फार थोडी असते. तेव्हां कापड अखंड ठेवून तें आजच्या अंगास कसें बसवावें, हा खरा प्रश्न आहे.

शिवणीवांचून कापड अंगाबरोबर बसविण्याची विद्या या जिल्ह्याला नवी नाहीं. येथील तेर गांव म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या व्यापारविषयक ग्रंथांत, तगराहून साधें कापड आणि मलमल भडोच बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. शिवलेल्या कपड्याला असतें तसें या कापडाला माप नव्हतें. त्या काळीं ग्रीक स्त्रिया असेंच अखंड वस्त्र खांद्यांवर टांचणीनें अडकवीत, कमरेस पट्टा बांधीत, आणि लांबी जास्त झाली तर वस्त्र पट्ट्यावर ओढून घेऊन त्याचा फुगारा सोडीत. इकडील नऊवारी लुगड्याची रीति याहूनहि हुशारीची आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. पण तेंच लुगडें सासू नेसते आणि सूनहि नेसते. ठेंगणीनें कमरेशीं थोडें अधिक खोंचावें, सडपातळ बाईनें दोन निऱ्या जास्त घालाव्यात, कासोटा ओढून घ्यावा, कीं झालें. तुळजापूरची भवानीची मूर्ति सुमारें तीन फूट उंचीची आहे. भक्तांनीं आणलेलीं लुगडीं तर मोठ्या बाईच्या लांबीचीं असतात. भोपे पुजारी तींच निऱ्या घालून देवीस नेसवितात, आणि वस्त्र उतरल्यावर तें जसेंच्या तसें अखंड असतें.

यांतील मर्म इतकेंच, कीं जादा कापड अंगभर लोंबूं न देतां एके जागीं गोळा करावें, त्याला चपट्या घडीची शिस्त लावावी, आणि ती घडी दाबानें किंवा गांठीनें धरून ठेवावी.

ढगळ सदरा पाठीमागें बोचक्यासारखा कोंबण्याची चाल आहे. ती सोडून द्यावी. दोन्ही बगलांखालच्या शिवणी चिमटींत धरून कापड बाजूंस ओढावें, प्रत्येक बाजूची एकेक चपटी घडी पाठीकडे वळवावी, ती विजारींत खोंचावी आणि वर पट्टा आंवळावा. समोरून सदरा अगदीं बेताचा दिसतो. सैनिकांची ही जुनी युक्ति आहे. विजारीची कंबर मोठी असेल, तर पाठीमागें पट्टा ओंवण्यासाठीं जे बंद असतात त्यांपैकीं दोहोंतून एक नाडी घालून ती गांठावी. वर सदरा किंवा पट्टा आला कीं नाडी दिसत नाहीं. परकराला नेफा आणि नाडी असल्यामुळें त्याची चिंता मुळींच नको. लांबी मात्र आंतल्या बाजूस दुमडून, ओलसर करून, पातळ खळ लावून इस्त्री करावी. सुती कापडांतील तंतूंचे सूक्ष्म बंध ओलाव्यानें व उष्णतेनें सैल होतात आणि कापड वाळतांना नव्या घडींत पुन्हां जुळतात. खळ त्यांना आधार देते. ही घडी धुण्यापर्यंत टिकते, पुढें नाहीं.

सेफ्टी पिन १८४९ सालीं अमेरिकेंत वॉल्टर हंट यानें काढली. ती सोयीची खरी, पण धांवत्या मुलाच्या कमरेशीं ती घडीच्या आंत, टोंक पूर्ण झांकून लावावी. तान्ह्या मुलाच्या कपड्याला तर नकोच.

कढत पाण्यानें कपडा आटवावा, असें पुष्कळ सांगतात. त्यांत तथ्य आहे, पण थोडें. मागावर सूत ताणलेलें असतें, आणि पाणी लागतांच तें आपल्या मूळ स्थितीस येतें. म्हणून खादी आणि हातमागाचें कोरें कापड पहिल्या धुण्यांत अधिक आटतें. ताण मुख्यतः उभ्या सुतावर असल्यानें बहुधा लांबी कमी होते, रुंदी फारशी होत नाहीं. म्हणजे बाही आंखूड होईल, पण खांदा रुंदच राहील, आणि मुलाची तक्रार तर खांद्याचीच असते. गिरणीचें पुष्कळ कापड आतां आधींच आटवून विकलें जातें, तर पॉलिएस्टर मिसळलेला गणवेश असल्या पाण्याला जवळजवळ दादच देत नाहीं. लोंकरीचा स्वेटर मात्र या उपायापासून दूर ठेवावा. तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून तो घट्ट होतो आणि पुन्हां सैल होत नाहीं.

घडीचा एक दोष पुष्कळ घरांत वर्ष संपल्यावर ध्यानांत येतो. उन्हानें वरचें कापड विटतें, दुमडींतलें तसेंच गडद राहतें, आणि पुढच्या जूनमध्यें विजार लांब सोडतांच पायाशीं गडद पट्टा उमटतो. यासाठीं दर धुण्यास दुमड पूर्ण उलगडावी, कपडा उलटा करून सावलींत वाळवावा, आणि वाळल्यावरच पुन्हां घडी घालावी.