मूठ सैल, तर चेंडू वळेल

टेनपिन बोलिंगची लेन फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत 60 फूट असते. क्रिकेटच्या पिचवर बॉलरच्या क्रीजपासून बॅट्समनच्या क्रीजपर्यंतचं अंतर 58 फूट. फरक जेमतेम दोन फुटांचा! एकीकडे सव्वासात किलोपर्यंतचा गोळा, दुसरीकडे 160 ग्रॅमच्या आसपासचा लेदर बॉल. एक मॉलच्या एसीत घरंगळतो, दुसरा मराठवाड्यातल्या अहमदपूरच्या उन्हात टप्पा घेतो. गोम मात्र दोन्हीकडे एकच: सुटताना कुठलं बोट आधी निघालं आणि कुठलं शेवटपर्यंत बॉलला चिकटून राहिलं? पुढचं सगळं तिथेच ठरतं.

अंगठा आधी, बोटं मागून

बोलिंगच्या गोळ्याला तीन भोकं: अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि अनामिकेला. नवखा माणूस तिन्ही बोटं खोल खुपसतो आणि मूठ आवळतो. मुरलेल्या खेळाडूच्या गोळ्याची भोकं त्याच्याच हाताच्या मापाने पाडलेली असतात, आणि दोन बोटं फक्त पहिल्या पेरापर्यंत आत जातात. अंगठा सुळकन बाहेर आला की गोळ्याचं वजन क्षणभर दोन बोटांवर येतं. ती बोटं बाजूने वर उचलली गेली की गोळा गरगरत निघतो.

भोक सैल असेल तर काय? गोळा पडेल या भीतीने माणूस अंगठा दाबून धरतो, अंगठा आत अडकतो, सुटायला उशीर होतो आणि गिरकी मरते. घट्ट भोकातही अंगठा अडकतोच. त्यातून खेळता खेळता अंगठा सुजतो, कधी आक्रसतो. म्हणून पट्टीचे खेळाडू अंगठ्याच्या भोकात टेपचे छोटे तुकडे लावत-काढत असतात. दुपारी एक तुकडा जास्त, संध्याकाळी एक कमी!

लेनवर पुढचे साधारण 40 फूट तेलाचा थर दिलेला असतो. तेलावर गोळा नुसता घसरतो. तेल संपलं की कोरड्या फळ्या त्याला पकडतात, हातातून घेतलेली गिरकी तिथे लागू होते आणि गोळा पिनांकडे वळतो. गोळा परत आला की त्यावर तेलाच्या गोल रेघा उमटलेल्या दिसतात. जाणकार त्या रेघा पाहूनच सांगतो की गोळा कुठल्या अंगावर फिरला.

ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमोंटे तर अंगठा घालतच नाही. लहानपणी गोळा एका हाताने पेलेना, म्हणून दोन हातांनी टाकायला लागला. पुढे तीच त्याची पद्धत झाली आणि सर्वाधिक मोठ्या व्यावसायिक स्पर्धा जिंकण्याचा विक्रम त्याच्या नावावर लागला.

अनामिकेचं राज्य

आता आपल्या मैदानावर या. लेगस्पिन टाकताना खरं काम करते तीही अनामिकाच. पहिली दोन बोटं शिवणीवर आडवी, अनामिका वाकवून शिवणीला टेकवलेली, अंगठा नुसता आधाराला. सुटताना वाकलेली अनामिका सरळ होते आणि बॉलला पीळ देते. तळहात आणि बॉल यांच्यात फट हवीच. बॉल मुठीत गच्च बसला तर मनगट आखडतं, आणि आखडलेल्या मनगटातून लेगब्रेक निघणं अवघड.

या कलेतला आपला राजा म्हणजे मुंबईचा सुभाष गुप्ते. 36 कसोटींत 149 बळी. 1958 साली कानपूरला वेस्ट इंडिजच्या एका डावात त्याने 102 धावांत 9 जण टिपले. गुगली टाकायच्या त्याच्या दोन तऱ्हा होत्या. गारफील्ड सोबर्सने पाहिलेल्या लेगस्पिनर्समध्ये गुप्तेला सगळ्यात वरचं स्थान दिलं. माझ्या मते मराठी घरांत गुप्तेचं नाव जेवढं निघायला हवं, तेवढं निघत नाही.

आणि ही गुगली आली कुठून? इंग्लंडच्या बोझँकेने ती टेबलावर टेनिस बॉल टप्प्याने वळवण्याच्या घरगुती खेळातून शोधली. 1900 साली लॉर्ड्सवर त्या चेंडूने पहिला मोठा बळी घेतला. बॅट्समन 98 वर यष्टिचीत झाला, आणि तो चेंडू चार टप्पे घेत गेला होता!

नाणं आणि आठ आणे

गिरकी जमली तरी दरवेळी ती त्याच जागी, त्याच क्षणी सुटली पाहिजे. नाशिकचे बापू नाडकर्णी सरावाला पिचवर नाणं ठेवून त्यावर टप्पा टाकत. फळ मिळालं 12 जानेवारी 1964 ला, मद्रासमध्ये इंग्लंडविरुद्ध: 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा. सलग 131 चेंडूंवर एकही धाव नाही.

त्यांच्याही आधी पुण्यात पळवणकर बाळू. पिचची देखभाल करायची, जाळी लावायची आणि इंग्रज साहेबांना तासन् तास बॉलिंग टाकायची, हे त्यांचं काम. त्या साहेबांपैकी जे. जी. ग्रेग स्वतः बाद झाले की दरवेळी त्यांना आठ आणे देत, असं सांगतात. दलित घरातल्या या डावखुऱ्या स्पिनरने 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले. बोटं अशी घडतात, बॉल टाकून टाकून.

बिशनसिंग बेदी आपले कपडे स्वतः धूत. बोटांना आणि खांद्याला याहून चांगला व्यायाम नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आईला मदत आणि फिरकीची तयारी, दोन्ही एकाच बादलीत!

गोट्यावाले, पुढे या

गोट्या खेळताना अंगठा जमिनीला टेकवून मधलं बोट मागे ताणायचं आणि सोडायचं, हे गल्लीतल्या पोरांना शिकवावं लागत नाही. ऑस्ट्रेलियाच्या जॅक आयव्हरसनने दुसऱ्या महायुद्धात पिंगपाँगच्या बॉलवर तसलीच युक्ती घोटली: बॉल अंगठा आणि वाकवलेलं मधलं बोट यांच्यात धरायचा आणि बोटाने उडवायचा. 1950-51 मध्ये इंग्लंडविरुद्ध त्याने 21 बळी घेतले. श्रीलंकेच्या अजंता मेंडिसचा कॅरम बॉल त्याच वळणाचा. 2008 च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने 13 धावांत आपले 6 गडी बाद केले, ती जखम अजून ओली आहे.

उलटी युक्ती श्रीरामपूरच्या झहीर खानची. नकल बॉलमध्ये बोटं वाकवून बॉल नखांच्या आणि पेरांच्या आधाराने धरायचा. हात वेगाने फिरतो, पण बोटांचा फटका बॉलला लागत नाही. गिरकी जवळजवळ शून्य, वेग एकदम कमी. 2011 च्या विश्वचषकात वेस्ट इंडिजचा डेव्हन स्मिथ अशाच चेंडूवर त्रिफळाचीत झाला. स्पर्धेत झहीरचे 21 बळी झाले.

सरपटी!

जमिनीला घासत जाणाऱ्या बॉलला पोरं ‘सरपटी’ म्हणतात आणि लगेच भांडण सुरू होतं. असलं सर्वात मोठं भांडण 1 फेब्रुवारी 1981 चं, मेलबर्नचं. शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी न्यूझीलंडला षटकार हवा होता. ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराने, ग्रेग चॅपेलने, धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, बॉल खालून घरंगळत टाकायला लावला. नियमात बसत होतं, तरी मला ते आजही पटत नाही. त्यानंतर एकदिवसीय सामन्यांत अशा बॉलिंगवर बंदी आली.

पण हात खालून फिरवून टाकणं म्हणजे रडीचा डाव, असं समजू नका. इंग्लंडच्या सिम्पसन-हेवर्डने 1909-10 मध्ये दक्षिण आफ्रिकेत तसंच टाकून, बोटांनी ऑफब्रेक वळवून, पाच कसोटींत 23 बळी घेतले होते.

काळ्या मातीचा हिशेब

लेनवर तेल जे करतं, ते आपल्याकडे माती करते. वानखेडेच्या लाल मातीवर बॉल उसळतो. मराठवाड्याची काळी माती चिकण: ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. दाबून केलेल्या काळ्या पिचवर बॉल खाली राहतो, थांबून येतो. तिथे उंच उडवण्यापेक्षा शिवण आडवी फिरवत टप्प्यावर टाकणारा स्पिनर जास्त त्रास देतो. वेगवान बॉलरला शिवण उभी ठेवावी लागते: दोन बोटं शिवणीच्या दोन्ही बाजूंना, अंगठा खाली, शेवटचा स्पर्श बोटांच्या टोकांचा. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर 2022 मध्ये अंडर-19 विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता, तेव्हा वेगाचं पीकही आपल्या भागात येतं.

अहमदपूरच्या पोरांचा बहुतेक सराव टेनिस बॉलवर. त्याला लेदर बॉलसारखी शिवण नाही, म्हणून हाताने दिलेली गिरकी डोळ्यांना दिसत नाही. त्यावर सोपा इलाज आहे. बॉलचा अर्धा भाग मार्करने रंगवा आणि मित्राला समोर उभं करा. रंगाची कड स्थिर दिसत फिरली तर बोटं बरोबर सुटली. रंग डगमगला, तर सुटताना बॉल हातात लटपटला.  मग टप्पा कुठे पडतो ते पाहायला एक रुपयाचं नाणं पिचवर ठेवायला हरकत नाही.