सव्वा गुंठा ते तीनशे छप्पन एकर

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडावर पंगत बसली की एका माणसाला दोन फूट रुंद आणि तीन फूट लांब जागा पुरते. पुढ्यात पत्रावळ आणि वाढप्याला पाय ठेवण्यापुरती वाट, सगळं मिळून सहा चौरस फूट. आमच्याकडे जमीन गुंठ्यात बोलतात. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, त्यात 181 माणसं मांडी घालून बसतात. नगद नारायण महाराजांच्या या गडाला धाकटी पंढरी म्हणतात, त्यामुळे गर्दी इथं नवी नाही. तरी 12 ऑक्टोबर 2024 ला मराठा आरक्षणासाठी लढणाऱ्या मनोज जरांगे पाटलांच्या दसरा मेळाव्याला माळ माणसांनी भरला, आणि जो तो गर्दीचा आकडा सांगू लागला. माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासून वेगळाच हिशेब घोळतोय. निवडून दिलेल्या एका माणसामागे किती गुंठे माणसं बसतात?

खालून सुरुवात करू. दीड हजार वस्तीच्या गावाला ग्रामपंचायतीचे सात सदस्य. एका सदस्यामागे 214 माणसं, म्हणजे सव्वा गुंठा. ती सगळी एका अंगणात मावतात आणि सदस्य प्रत्येकाला नावानं हाक मारतो. सरपंचामागे सव्वाआठ गुंठे. बीड जिल्हा परिषदेचे सदस्य साठच्या घरात, म्हणून शहरं वगळता एका सदस्याच्या गटामागे पावणेपाच एकर. जिल्ह्यात आमदार सहा, प्रत्येकाला 59 एकर. आणि खासदार एकच. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 25,85,049. ही सगळी पंगत बसवायला 356 एकर रान लागतं.

आता वेळ मोजा. खासदारानं जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाला फक्त एक मिनिट द्यायचं ठरवलं, झोप नाही, जेवण नाही, दिल्ली नाही, तर 1,795 दिवस लागतात. पाच वर्षांचे दिवस 1,826. उरले 31. ग्रामपंचायतीच्या सदस्याला याच हिशेबानं प्रत्येक माणसासाठी साडेआठ दिवस मिळतात. ‘खासदार कधी गावात दिसत नाही’ ही तक्रार मी लहानपणापासून पारावर ऐकत आलोय. ती खोटी नाही, पण तिच्यामागचं गणित माणसाच्या चांगुलपणानं सुटणारं नाही.

अमेरिकेनं हे गणित सुरुवातीलाच हाताळलं होतं. 17 सप्टेंबर 1787, फिलाडेल्फियातल्या घटना परिषदेचा शेवटचा दिवस. मसुद्यात लिहिलं होतं की चाळीस हजार माणसांमागे एकाहून जास्त प्रतिनिधी नसावा. अध्यक्षपदावर बसलेले जॉर्ज वॉशिंग्टन चर्चेत बोलत नसत. त्या दिवशी मात्र ते याच मुद्द्यावर बोलले, चाळीसचे तीस हजार करा म्हणाले, आणि तसं झालं. तीस हजार म्हणजे चार एकरांच्या थोडं वर. आमच्या जिल्हा परिषदेच्या गटाहूनही लहान!

तो आकडा आज पाळला असता तर 2020 च्या जनगणनेनुसार तिथल्या प्रतिनिधीगृहात अकरा हजार सदस्य बसले असते. पण 1913 पासून संख्या 435 वर थांबलेली आहे, आणि एका सदस्यामागे 7 लाख 61 हजार माणसं आहेत. त्या 435 जणांत 2022 साली आपला एक माणूस निवडून गेला. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. ‘ही श्रीची इच्छा’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिणारे. मिशिगनमधल्या डेट्रॉइटकडच्या त्यांच्या मतदारसंघात पावणेआठ लाख लोक, 107 एकर. आपल्या खासदाराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण तिथं मुदत दोनच वर्षांची, त्यामुळे माणशी वेळ येतो 81 सेकंद. इथं मिनिट, तिथं सव्वा मिनिटाच्या जरा वर.

अमेरिकेच्या वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, तर डोळे फिरतात. वायोमिंगची वस्ती 5 लाख 77 हजार, कॅलिफोर्नियाची 3 कोटी 95 लाख, आणि सिनेटर दोघांनाही दोन-दोनच. एकट्या बीड जिल्ह्यात जवळपास साडेचार वायोमिंग मावतात. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राला 19 जागा, सिक्कीमला एक. मला तरी ही वाटणी जास्त न्यायाची वाटते. मात्र जागांचा आकडा थांबवण्याचा खेळ आपणही खेळलो. राज्यांना लोकसभेच्या किती जागा, ते आजही 1971 च्या जनगणनेवर ठरलेलं आहे. तेव्हा सरासरी एका खासदारामागे दहा लाख माणसं होती, 2011 मध्ये बावीस लाखांवर गेली. खुर्ची तीच आणि पंगत दुपटीहून लांब.

आणखी एक आकडा सांगितल्याशिवाय राहवत नाही. 2011 चा अख्खा भारत, 121 कोटी, अशाच पंगतीत बसवला तर 675 चौरस किलोमीटर लागतात. बीड जिल्ह्याचा सोळावा हिस्सा. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात सरासरी तालुका याहून मोठा भरतो.

इतकी अफाट माणसं, पण निकाल कशावर लागतो? 2014 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बीडमध्ये प्रीतम मुंडे 6,96,321 मतांनी जिंकल्या, तेव्हाचा देशातला विक्रम. 96 एकरांची आघाडी. दहा वर्षांनी, 2024 ला, त्याच मतदारसंघात बजरंग सोनवणे पंकजा मुंडेंपेक्षा 6,553 मतांनी पुढे राहिले. 36 गुंठे, पुरता एकरही नाही. अमेरिकेत 2000 साली सगळ्या देशाचा अध्यक्ष ठरला तो फ्लोरिडातल्या 537 मतांवर. ती माणसं तीन गुंठ्यांत बसतील.

आणि जिथं प्रतिनिधी मध्ये नसतोच, ती ग्रामसभा. गावातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल ती. म्हणजे मोठ्या गावालाही शंभरच माणसं लागतात, अर्ध्या गुंठ्याच्या थोडी वर जागा. पाण्याची टाकी कुठल्या वस्तीला, घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव, यावर तिथं बोलता येतं. ज्या माळावर एका हाकेला एकरच्या एकर भरतात, त्याच भागातल्या गावांत हा अर्धा गुंठा भरत नाही म्हणून सभा तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा शंभराचीही अट राहत नाही. समोर सतरंजी रिकामी असते आणि ग्रामसेवक ठराव वाचत असतो.