उताराची वसुली

दुचाकीस्वाराच्या व्यवहारात चढावर खर्ची पडलेले श्रम उतारावर सव्याज वसूल होतात, हा जो सर्वमान्य कायदा आहे, तो एकचाकी सायकलीस लागू नाही. कारण तिची पायडले चाकाच्या आसाशीच जखडलेली असल्याने चाक फिरते तोवर पायांना रजा नसते, आणि लोह्याच्या परिसरातील बालाघाटाच्या मुरमाड पाऊलवाटा उतरताना तर चाकाला मागे आवरून धरण्याचीच चाकरी मांड्यांना अखंड बजावावी लागते.

तोल म्हणजे निश्चल बसणे, ही समजूत पहिल्याच उतारावर रद्दबातल ठरते. स्वार वस्तुतः सदैव पुढे पडत असतो आणि प्रत्येक पतनाखाली चाक वेळेवर आणून ठेवीत असतो. डाव्या-उजव्या बाजूचा बंदोबस्त कमरेच्या पिळाने होतो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा पारखणारे जाणकार लगामापेक्षा मांडीवर अधिक विसंबतात, तसाच हा प्रकार; एक हात बैठकीच्या पुढच्या मुठीवर, दुसरा हवेत मोकळा.

खरी कसोटी खडकाशी. दोन्ही पायडले उभ्या रेषेत आली की पायांचा जोर क्षणभर चाकापर्यंत पोहोचतच नाही, आणि नेमक्या त्याच क्षणी काळ्या पाषाणाची धार टायरखाली आली तर स्वारी जागीच तहकूब होते. म्हणून अनुभवी स्वार दगड काही हात दूर असतानाच पावलांचा जमाखर्च मांडून, टक्करीच्या वेळी पायडले आडवी येतील अशी तजवीज करतो. सुमारे ३ इंच रुंदीच्या टायरात हवा मुद्दाम कमी ठेवतात, पायडलाचे दांडे १५० मिलिमीटरच्या आसपास असतात. बैठकीखालचा ब्रेक एका बोटाने हलकेच ओढला तर मांड्यांचा भार वाटून घेतो. जोरात ओढला तर चाक थांबते आणि देह पुढील प्रवास स्वतंत्रपणे करतो. समोर हँडल नसल्याने स्वार बहुधा पावलांवरच उतरतो, तरीही पायडलाच्या खिळ्यांपासून नडग्यांना संरक्षण लागतेच.

ऋतुमानाचाही अंमल मोठा. पावसाळ्यात काळी माती चिमट्यात ठासून बसते व चाक अडवते. उन्हाळ्यात सुटा मुरूम चाकाखालून निसटतो. वाहतो वारा आणि ओसरलेली ओल यांमुळे हिवाळाच मला सर्वांत अनुकूल वाटतो.

मराठी माणसाने ही सायकल पाहिली ती बहुतांशी सर्कशीच्या सपाट रिंगणात, आणि १८८० साली विष्णुपंत छत्रे यांनी ‘ग्रेट इंडियन सर्कस’ स्थापिल्यापासून त्या तंबूशी आपले नाते जुने आहे. तिला डोंगरावर नेणाऱ्या आद्य स्वारांत अलास्कातील जॉर्ज पेक आणि कॅनडातील क्रिस होम यांची गणना होते; होम यांनी तर भूतानच्या पर्वतवाटाही तुडविल्या.

परंतु या छंदासाठी हिमालयाची सनद लागत नाही. दुचाकीवरून क्षणार्धात संपणारी बालाघाटाची एखादी बिननावाची टेकडी एकचाकीखाली पुरेसा पर्वत ठरते, कारण येथे उतरण्याचाही दर इंच श्रम देऊनच विकत घ्यावा लागतो. आणि उंच शिखरे ज्याच्या वाट्यास आली नाहीत, अशा आमच्या मुलखाला याहून सोयीचा गिर्यारोहणाचा मार्ग मला तरी ठाऊक नाही.