तेराव्या वर्षी मैदानावर

धाराशिव जिल्ह्यातलं येरमाळा म्हटलं की लोकांना येडाई देवी आणि चैत्री पौर्णिमेची यात्रा आठवते. खेळाचं विचाराल, तर बोट धाराशिवकडे जातं आणि तिथं खेळ म्हणजे खो-खो.

खो-खोच्या गेल्या वीस वर्षांची गोष्ट सारिका काळेपासून सांगावी लागते. ती मैदानावर आली तेराव्या वर्षी. दिवसातून एकदाच जेवण मिळायचं असे ते दिवस होते, हे तिनंच पुढं सांगितलं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या हाताखाली ती घडली. 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्ण जिंकलं, 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार आला. खो-खोला तो तब्बल 22 वर्षांनी मिळत होता.

या काळात खेळ झपाट्यानं बदलला. मातीच्या जागी मॅट आली, अनवाणी पायांत बूट आले. 2022 मध्ये अल्टिमेट खो-खो टीव्हीवर दिसू लागलं (फक्त पुरुषांचं, हे जाता जाता). जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि महिलांच्या अंतिम सामन्यात भारतानं नेपाळला 78-40 असं हरवलं. पोरी आता तिसरी-चौथीतच सरावाला येतात. त्याचा फायदा डोळ्यांना दिसतो. पाठलाग करणारीला एकदा दिशा धरली की मागं फिरता येत नाही. म्हणून मुरलेली संरक्षक तिचे पाय बघत नाही, खांदा बघते, आणि खांदा झुकला की बसलेल्या दोघींच्या मधून पलीकडे निसटते. ही नजर लहानपणीच बसते. शिवाय दहावीचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण आईबापांनाही कळतं.

पण इतक्या लवकर सुरू करण्याची किंमतही असते. अमेरिकेत बेसबॉलच्या पोरांनी ती मोजली. बारा महिने एकच खेळ, चेंडूचा वेग वाढला आणि कोवळी कोपरं शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेली. शेवटी 2014 मध्ये तिथं वयानुसार किती चेंडू फेकावेत याच्या मर्यादा सुचवाव्या लागल्या. आपल्याकडे लहान गुडघ्यांनी खांबावर किती सूर मारावेत, हे मोजताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही.

मला खटकतं ते वेगळंच. किशोरी गट 14 वर्षांखालचा. सारिका आज तेराव्या वर्षी आली असती, तर पाच वर्षं मुरलेल्या पोरींपुढं तिला निवडलं असतं का? शालेय स्पर्धांत 17 आणि 19 वर्षांखालचेही गट आहेत. उशिरा आलेलीला दार आहे ते तिथं. तेराव्या वर्षी आलेली सारिका अर्जुन मिळाला तेव्हा तुळजापूरला क्रीडा अधिकारी होती.