वस्तऱ्याच्या वजनाएवढाच जोर

एखाद्याला भर सभेत फैलावर घेतलं, की आपल्याकडे म्हणतात, ‘त्याची बिनपाण्यानं केली.’ हा वाक्प्रचार मी चाळीस वर्षं वापरत आलो. त्याचा खरा अर्थ मात्र गेल्या चैत्रात, पोहरादेवीत, माझ्याच उजव्या गालावर कळला. गालाला साबण लावला, वस्तरा उघडून कुठून सुरुवात करावी याचा विचार करत बसलो, तेवढ्यात उन्हानं फेस वाळला. तसंच पातं टेकवलं. केस कापले गेले नाहीत, मुळापासून ओढले गेले. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“थांब बाबू,” मागून काका म्हणाले. “पाणी कमी पडलं तुह्यं. पयले दाढी भिजू दे. घाई कायले करतं?”

पोहरादेवी हे वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं गाव. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा मातेचं मंदिर इथे आहे. रामनवमीच्या यात्रेला देशभरातून बंजारा बांधव येतात, म्हणून याला बंजारा समाजाची काशी म्हणतात. २०२४ च्या ऑक्टोबरात नगाऱ्याच्या आकाराच्या संग्रहालयाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून एरवीही वर्दळ वाढली आहे. काकांचं दुकान या गर्दीपासून जरा आत आहे. एक खुर्ची, एक आरसा, भिंतीला खिळ्यावर टांगलेला चामड्याचा पट्टा. वय सत्तरीच्या पुढचं. गिऱ्हाइकाची दाढी ते आता अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्यानं करतात, पण वडिलांचा जुना पोलादी वस्तरा फडक्यात गुंडाळून धोकटीत जपून ठेवलाय. स्वतःची दाढी ते त्यानंच करतात. ‘मला माझी दाढी वस्तऱ्यानं करायला शिकवा’ असं म्हटल्यावर ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. म्हणाले, “हात दाखव.” मी दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरतात का, हे त्यांना पाहायचं होतं.

पहिले काही दिवस चेहऱ्याचा संबंधच आला नाही. बोथट झालेला एक वस्तरा हातात देऊन त्यांनी मला पट्ट्यापुढे उभं केलं. पट्टा ताणून धरायचा, वस्तऱ्याची पाठ पुढे आणि धार मागे ठेवून तो सरकवायचा, टोकाला पोचलं की पाठीवरच उलटवायचा आणि परत आणायचा. धारेवर उलटवला तर पट्ट्याला चीर पडते आणि धारही जाते. जाऊन-येऊन चाळीस-पन्नास वेळा हे करायचं, दर दाढीच्या आधी. हे करताना येणारा आवाज फार सांगणारा असतो. पातं सपाट टेकलेलं असेल तर एकसारखी सळसळ होते. मनगट वाकडं झालं की ती तुटते. काका गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कात्री चालवत असायचे, माझ्याकडे पाठ असायची, तरी “उजवीकडं दबतं हाये” म्हणून सांगायचे.

पट्टा आणि पाजवायचा दगड यांत नवशिक्याचा नेहमी गोंधळ होतो. दगड पोलाद झिजवतो आणि नवी धार काढतो. ते काम काही महिन्यांतून एकदा. पट्टा धातू जवळजवळ काढतच नाही. दाढी करताना धारेचा अतिसूक्ष्म काठ जिथे जिथे वळतो, तिथे तो सरळ करतो. दगडावर लावताना वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही टेकलेली ठेवायची. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणावरच धारेचा कोन ठरतो, म्हणजे तो बनवणाऱ्यानं आधीच ठरवून दिलेला असतो. आपण फक्त तो बिघडवायचा नाही.

पोलादाच्या मानानं केस कितीतरी मऊ, मग त्यानं धार जाते कशी? २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी दाढी करतानाच्या केसाचं आणि पात्याचं सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केलं आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. पोलादापेक्षा केस सुमारे पन्नासपट मऊ असतो, तरीही तो पात्याच्या काठाचे बारीक कपचे काढतो. पोलादाची आतली रचना सगळीकडे सारखी नसते. अशा एखाद्या कमजोर जागी केस वाकून तिरका भिडला, की कपचा उडतो. कोरडा केस ताठ असतो, ओला केस फुगून मऊ होतो. म्हणून पाणी आधी, साबण नंतर, आणि वस्तरा सगळ्यांत शेवटी. दोन-तीन मिनिटं चेहरा नीट भिजवायला हवा. चैत्रात आमच्याकडे टाकीचं पाणीच इतकं तापलेलं असतं की वेगळं गरम करावं लागत नाही.

मग फुगा आला. यात्रेतून मी पाच फुगे घेतले. फुगवून त्याला फेस फासायचा आणि खऱ्या धारेच्या वस्तऱ्यानं तो फेस काढायचा, फुगा न फोडता. पहिले तीन फुटले. चौथा फुटला नाही, कारण तोवर काकांचं एक वाक्य डोक्यात बसलं होतं : “जोर नोको देऊ. वस्तऱ्याचं सोताचं वजन हाये, तेवढं पुरे.” आपल्या हातानं त्याला फक्त दिशा द्यायची. प्लास्टिकच्या रेझरची सवय झालेल्या हाताला हे सर्वांत अवघड जातं, कारण तिथे दाबल्याशिवाय काही होत नाही असं आपण शिकलेलो असतो.

गालावर यायला पुढचा आठवडा उजाडला. पकड अशी : तीन बोटं पात्याच्या मागच्या दांडीवर, करंगळी शेपटावर, अंगठा खालून, मूठ वर उघडलेली. पातं आधी गालावर सपाट टेकवायचं आणि मग पाठ साधारण तीस अंशांपर्यंत उचलायची. कमी उचललं तर केस ओढले जातात, जास्त उचललं तर कातडी खरवडते. दुसऱ्या हाताचं काम तितकंच मोठं आहे : कातडी ताणून धरणं. माझ्या मते अर्धी दाढी तो रिकामा हातच करतो. वस्तऱ्याचा पहिला फेरा केसांच्या दिशेनं, कानशिलापासून खाली. उलटी दाढी पहिले कित्येक दिवस करायचीच नाही. आणि केसांची दिशा डोळ्यांनी ठरवायची नाही, दोन दिवसांची खुंटं बोटांनी चाचपून पाहायची. माझ्या गळ्यावर डावीकडे केसांचा भोवरा आहे, हे मला त्यादिवशी पहिल्यांदा कळलं.

कापतं केव्हा? पातं धारेच्या लांबीच्या दिशेनं, आडवं सरकलं की. सुरी भाजीवरून फिरते तसं. पातं नेहमी धारेला काटकोनात पुढे जायला हवं. मला दोनदा कापलं, दोन्ही वेळा हनुवटीच्या वळणावर, कारण वळताना मनगट आडवं गेलं. तुरटीचा खडा फिरवला, रक्त थांबलं. आणि एक नियम काकांनी तीनदा म्हणून घेतला : हातातून वस्तरा सुटला तर तो झेलायचा नाही. पाय मागे घ्यायचा आणि पडू द्यायचा.

पहिला महिनाभर फक्त दोन्ही गाल वस्तऱ्यानं करावेत, मिशीखालचा भाग, हनुवटी आणि गळा नेहमीच्या रेझरनं. ही तडजोड मानली नाही तर माणूस आठवड्यात कंटाळून वस्तरा कपाटात टाकतो.

स्वतःची दाढी स्वतः करणं ही तशी नवी गोष्ट. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या झाँ-जाक पेरे या हत्यारं बनवणाऱ्या कारागिरानं लोकांना ती शिकवायला आख्खं पुस्तक लिहिलं आणि पात्याला लाकडी आवरण घालून जखम टाळायची युक्तीही काढली. १९०१ मध्ये अमेरिकेत जिलेटची कंपनी निघाली, १९०४ मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि फेकून द्यायच्या पात्यानं पट्टा, दगड आणि शिकणं तिन्ही घराबाहेर काढलं.

आपल्याकडे हे शिक्षण एका जातीच्या घरात कोंडलेलं राहिलं. बलुतेदारीत नाभिकाला वर्षभराच्या कामाचं धान्य सुगीला खळ्यावर मिळायचं. बंजारा तांड्याच्या रचनेतही ढाडी, ढालिया, सनार यांच्याबरोबर नावी होता. जावळापासून मरणापर्यंत त्याचा हात लागायचा, पण गावगाड्यात त्याला मान तळाचा. आणि कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, हेही गावगाड्यानंच ठरवलेलं : दलितांना गावोगाव ही सेवा नाकारली गेली. हे लपवून वस्तऱ्याचं कौतुक करता येणार नाही. याच व्यवसायातले सेना महाराज वारकरी परंपरेत संत म्हणून पूजले जातात, आणि आरसा, चिमटा अशी आपल्या कामाची साधनं त्यांनी अभंगात आणली.

मला त्याहून जवळची वाटते ती १८९० सालची मुंबई. गिरणी कामगारांचे नेते आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं तिथल्या नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं. त्या काळी या कामाचे पैसे मिळत होते, नकार दिल्यावर ते बुडणार होते. विधवेचं डोकं धरून ठेवणारे नातेवाईक तिचे स्वतःचे असायचे, आणि वस्तरा उचलणारा हात परका. त्या परक्या हातांनी आधी नाही म्हटलं. वस्तऱ्याबद्दल मला माहीत असलेली ही सगळ्यांत मोठी गोष्ट आहे, आणि शाळेत ती मला कुणी शिकवली नाही.

आता ज्यांना शिकायचं आहे त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. अर्ध्या ब्लेडचा वस्तरा स्वस्त पडतो, पट्टा लागत नाही, पण तो हलका असतो आणि चुकीला माफ करत नाही. जुना पोलादी वस्तरा हाताला लवकर बसतो, मात्र त्याची निगा राखावी लागते. वापरल्यावर पुसून पूर्ण कोरडा करा. पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब लावून ठेवा, नाहीतर एका रात्रीत गंजाचे ठिपके येतात. मुलं घरात असतील तर कुलपात ठेवा. आणि आपला वस्तरा दुसऱ्याला देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही. हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरू शकतो. दुकानात बसलात तर ब्लेड तुमच्या डोळ्यांदेखत नवीन घालायला सांगा. त्यात संकोच कसला?

मोबाइलवर या विषयाचे व्हिडिओ ढिगानं आहेत. ते जरूर पाहा, पण त्यांना तुमच्या पट्ट्याचा आवाज ऐकू येत नाही. ज्यांना तो ऐकू येतो अशी माणसं आपल्या गावागावांत अजून आहेत, आणि आता बहुतेक सत्तरीत आहेत. गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी त्यांच्याकडे जा, शिकवायची विनंती करा, आणि शिकवणीला देतो तशी फी आधी ठरवून त्यांच्या हातात द्या.